रिकाम्या कागदावरची सही

३ मार्च, सोमवार

पोचले एकदाची! सत्तेचाळीस वर्षांच्या बाईने नवी वही, नवं पेन आणि नवे पांढरे बूट घेऊन शाळेत जावं, याला कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसावं. मी स्वतःच सकाळपासून हसते आहे. बावीस वर्षं वॉर्डात काढली, त्यातली पंधरा परिचारिकांच्या संघटनेची सरचिटणीस म्हणून, रुग्णालयाच्या पायरीवर उभी राहून भाषणं ठोकली, आणि आता या परक्या देशात पलंगावर चादर कशी अंथरायची ते पहिल्यापासून शिकायचं! आमची पदवी इथे चालत नाही. बारा आठवडे प्रशिक्षण, मग दाखला, मग नोकरी. ठीक आहे. ज्या दिवशी माणसाला शिकायची लाज वाटली त्या दिवशी तो म्हातारा झाला, असं मी शंभर सभांत सांगितलं. आज स्वतःला सांगितलं.

इमारत तीन मजली, स्वच्छ. तळमजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या सोळा म्हाताऱ्या. मधल्या मजल्यावर वर्ग. वर आमच्या खोल्या. माझ्या खिडकीतून समोरचं लोखंडी फाटक दिसतं, अगदी नाकासमोर.

तुकडीत आम्ही चौघी, एकाच भाषेच्या म्हणून एकत्र टाकलेल्या. सर्वांत थोरली सुईणमावशी, छप्पन्न वर्षांची. किती पोरं जन्माला आणली ते मोजायचं तिने सोडून दिलं आहे म्हणे, कारण त्यातली निम्मी आता तिलाच अक्कल शिकवतात. दुसरी दातवाली डॉक्टर. स्वतःचा दवाखाना होता तिचा. इथे दुसऱ्यांचे दात घासायला शिकणार, म्हणून पहिल्या तासापासून तोंड फुगवून बसली आहे. धाकटी बावीस वर्षांची, गुडघ्यापर्यंत केस, म्हणून वेणी. ती मला लगेच ताई म्हणू लागली. मावशीने तिला सुनावलं की ताई काय, तुझ्या आईच्या वयाची आहे ती. मी म्हटलं, राहू दे मावशी, तेवढीच दहा वर्षं कमी.

शिकवणाऱ्या बाईंचा कोट कडक इस्त्रीचा. चेहराही. वेणीने जेवायच्या आत त्यांचं नाव इस्त्रीबाई ठेवलं. दात मोत्यांसारखे, एकसारखे. दातवालीने माझ्या कानात सांगितलं की ती कवळी आहे, वरची आणि खालची.

एक गोष्ट टोचते, म्हणून लिहून टाकते. कार्यालयात इस्त्रीबाईंनी प्रत्येकीपुढे कोऱ्या नोंदपत्रकांचा गठ्ठा ठेवला. चाळीस कागद. खाली सह्या करून ठेवा, म्हणजे रोज वेळ जायला नको, असं म्हणाल्या. कोऱ्या कागदावर सही करू नका, नोंदीखाली जागा उरली तर रेघ मारून बंद करा, हे मी किती पोरींच्या कानीकपाळी ओरडले असेन! पण त्याच दमात बाईंनी सांगितलं की जिचं पहिलं मूल्यमापन उत्तम, तिच्या घरच्या एका मुलीला महिनाअखेरच्या तुकडीत परीक्षेवाचून जागा. माझी लेक एकवीस वर्षांची आहे, नुकतीच परिचारिका झाली आहे, आणि तिकडे माझ्यावाचून माझ्या बहिणीच्या घरी राहते आहे. अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी चाळीस सह्या केल्या.

फाटक बघून ती लहान असतानाचं आठवलं. माझी साथीच्या वॉर्डात ड्यूटी असली की मी आमच्या दाराला लाल कापड बांधायची. शाळेतून येणाऱ्या पोरीने लाल दिसलं की हाकही मारायची नाही, तिथूनच मागे वळायचं आणि माझ्या बहिणीकडे जायचं. एकदाही चुकली नाही. अशी गुणाची पोर इथे माझ्या शेजारच्या पलंगावर झोपेल. यापलीकडे मला काय हवं?

४ मार्च, मंगळवार

वर्गात चार पलंग, सरावाचा पुतळा एकही नाही. पुतळ्या आम्हीच. एकीने रुग्ण व्हायचं, दुसरीने काळजीवाहक. रुग्णाने बोलायचं नाही, कारण खालच्या म्हाताऱ्या बोलत नाहीत. यावर मावशी म्हणाली की जन्मभर मी पोरांना रडवलं म्हणून लोकांनी मला दुवा दिला, आता धडधाकट बायांना गप्प करायला शिकवताय होय! इस्त्रीबाई सोडून सगळ्या हसल्या.

काम ओळखीचं. दोन-दोन तासांनी कूस बदलायची, गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी, तोंड बोळ्याने पुसायचं. खटका उडाला तो नोंदीवरून. इथे नोंदपत्रक सकाळी भरतात, काम नंतर! कूस बदलली, स्नान दिलं, रुग्ण शांत, सगळं आधीच लिहून पलंगाच्या पायथ्याशी टांगायचं. मी उभी राहिले. म्हटलं, नोंद ही साक्ष आहे, आणि घडण्याआधी दिलेल्या साक्षीला आमच्याकडे खोटी साक्ष म्हणतात. आळशी नर्सांची ही खोड मोडण्यात माझी अर्धी हयात गेली. इस्त्रीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की तिकडे रुग्णाप्रमाणे नोंद असेल, इथे नोंदीप्रमाणे रुग्ण असतो.

उत्तर तोंडावर आलं होतं. लेक आठवली. बसले.

७ मार्च, शुक्रवार

आज तळमजला. सोळा पलंग, सोळा म्हाताऱ्या, एकीच्याही तोंडात दात नाही. केस सगळ्यांचे कानाच्या वर कापलेले. काम चोख चालतं, वास नाही, एकीच्याही पाठीला जखम नाही. मान्य करायला हवं, आमच्या वॉर्डात हे कधी जमलं नव्हतं.

सातव्या पलंगावरच्या आजींच्या नोंदीत वय त्र्याऐंशी. दंड पुसताना मला नवल वाटलं. कातडी घट्ट, माझ्यापेक्षा घट्ट. इस्त्रीबाई म्हणाल्या की उत्तम काळजी घेतली की असंच होतं. त्या आजी सारख्या पांघरुणाशी चाळा करतात. मी नीट पाहिलं. त्या पांघरुणाचा कोपरा दुमडून खोचत होत्या, पंचेचाळीस अंशांत, अगदी परीक्षेत घालावा तसा. मग तो उपसून पुन्हा खोचत होत्या.

बोळा फिरवताना त्यांनी माझं बोट हिरड्यांत धरलं. सोडेनात. वेणीने सोडवलं.

१० मार्च, सोमवार

वाईट झालं. दातवाली रुग्ण होती, मी काळजीवाहक. जखमेवर पट्टी करण्याचा सराव म्हणून इस्त्रीबाईंनी नोंद भरून दिली होती: नखं कापताना उजव्या करंगळीला जखम, पट्टी केली. खोटी जखम, खोटी पट्टी, असंच आम्ही समजलो. मी नेलकटर घेतलं. अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका, सगळं व्यवस्थित. करंगळीशी आले आणि माझ्या हाताने पातं आडवं केलं, मांसात घातलं आणि दाबलं. निसटलं नाही. माझ्या हाताने दाबलं. पेराचा तुकडा ट्रेमध्ये पडला, वाटाण्याएवढा.

दातवाली रुग्ण असल्यामुळे ओरडली नाही. डोळे मात्र माझ्याकडे होते.

पट्टी मी उत्तम केली. इस्त्रीबाईंनी तसं म्हटलंही. नंतर मी दातवालीचे पाय धरले. ती म्हणाली की माझ्याही हातून कुणाच्या जिभेला ड्रिल लागलं आहे, होतं असं, ताई. पण ती माझ्या शेजारी जेवायला बसली नाही. बावीस वर्षांत माझ्या हातून सुईसुद्धा वाकडी गेली नव्हती. दमले असेन.

१४ मार्च, शुक्रवार

मला लिहिलंच पाहिजे. मी साक्ष मानते ना? मग ही घ्या साक्ष.

आज पहिलं मूल्यमापन होतं. मावशी माझी रुग्ण. काल ती वेणीकडे होती आणि काल पडण्याचा सराव होता. पलंगावरून घसरली, गुडघा थोडा सुजला, इतकंच. मी सकाळी घाईत होते. मला पैकीच्या पैकी हवे होते. सर्वांत आधी नोंद भरणारीला जादा गुण होते. म्हणून मी कालचा कागद उलटून न बघता आजच्यावर एकच शब्द लिहिला, जो प्रत्येक आळशी नर्स लिहिते, ज्यासाठी मी बायांना भर सभेत लाज आणली होती: वरीलप्रमाणे. मला वाटलं, वर स्नान असेल, कूस असेल. वर लिहिलं होतं: पलंगावरून पडल्या, उजवा गुडघा मोडला. वेणीने काल सांगितल्याप्रमाणे लिहिलं होतं, फक्त तो शेवटचा शब्द नंतर कुणीतरी घातला होता, तिच्या नोंदीखाली उरलेल्या रिकाम्या जागेत.

दहा वाजता मी मावशीला कुशीवर वळवत होते. हात वळवता वळवता थांबले नाहीत. मी तिला कठड्यावरून पलीकडे ढकललं. ती गुडघ्यावर पडली. काडी मोडल्यासारखा आवाज आला आणि हाड कातडीतून बाहेर आलं, पांढरं, ओलं. मावशीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं, मी नापास होऊ नये म्हणून. बाई गं! मी नापास होऊ नये म्हणून!

मला पैकीच्या पैकी मिळाले. लेकीची जागा पक्की झाली. २९ तारखेला सकाळी दहाला ती इथे हजर होणार.

१७ मार्च, सोमवार

मावशीला तळमजल्यावर नेलं. बरी होईपर्यंत, असं आम्ही समजलो.

दुपारी खाली गेलो तर तिच्या पलंगाला कागद टांगलेला. वय चौऱ्याऐंशी. केस आखूड. दात नाहीत. मावशी आमच्याकडे बघून हसली, तिचे ते तंबाखूने पिवळे पडलेले, मजबूत, बत्तीसच्या बत्तीस दात दाखवून. म्हणाली की यांनी मला माझ्या आईपेक्षा म्हातारी करून टाकलं, आणि कवळीचं माप घ्यायलाही कुणी आलं नाही. कागदावर काळजीवाहक म्हणून दातवालीचं नाव लिहिलं होतं, खाली तिची सही होती, पहिल्या दिवशीची.

दातवाली पुढे झाली. उपकरणांच्या कपाटात चिमटा होता. योग्य तोच होता, दाढेचा. ती रडत होती आणि हात थरथरत नव्हते. मी तिला कमरेला धरून मागे ओढलं, वेणीने चिमट्याला लोंबकळून पाहिलं. तिने आम्हाला झटकलं, जशी झोपेतली माणसं झटकतात. एकेक दात धरायचा, मुळाशी हलवायचा, फिरवायचा, काढायचा. भूल नाही. ट्रेमध्ये टक्, टक्, टक्. मावशी तिसऱ्या दाताला ओरडली, अकराव्याला गप्प झाली. रक्त उशीतून गादीत गेलं. मी मोजले, कारण कुणीतरी मोजायला हवं होतं. बत्तीस.

नंतर दातवाली जमिनीवर बसून म्हणाली की एक मूळसुद्धा तुटू दिलं नाही मी. इतकं स्वच्छ काम मला माझ्या दवाखान्यात जमलं नव्हतं. मग ती जे हसायला लागली ते थांबेचना.

१८ मार्च, मंगळवार

मी सोळाजणींची तोंडं उघडून पाहिली. दातवालीला धरून नेलं होतं. तिने सांगितलं की हे म्हातारपणाने पडलेले दात नाहीत. काढलेले आहेत. कुणा शिकलेल्या हाताने.

सातव्या पलंगाच्या आजींच्या झग्याला डाव्या छातीवर दोन भोकं आहेत, पिनेची. आमची घड्याळं आम्ही तिथेच टाचतो. मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं की कितवी तुकडी? त्यांनी एक हात पूर्ण उघडला आणि दुसऱ्याचं एक बोट. सहावी. मी विचारलं, वय किती? त्यांनी तीनदा दहा बोटं दाखवली, मग चार.

चौतीस.

या घरात म्हातारी एकही नाही. म्हाताऱ्या इथे घडवल्या जातात. शिकायला आलेल्या बाया शिकवून शिकवून खाली पाठवतात, मग नव्या त्यांच्यावर शिकतात. शिकणं कधी संपत नाही, असं मी सभांत ओरडायची. टाळ्या पडायच्या!

१९ मार्च, बुधवार

वर्गात उभी राहिले आणि बोलले. आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण, दोन श्रोत्यांपुढे. म्हटलं, पोरींनो, हे घर आपल्या सहीवर चालतं. हात आपले, कौशल्य आपलं, सही आपली. त्यांच्याकडे फक्त शाई आहे. आजपासून एक अक्षर लिहायचं नाही. वर्गातले सगळे कागद फाडले. वेणीने तुकडे खिडकीतून उधळले आणि म्हणाली, घ्या इस्त्रीबाई, अक्षता!

मग फाटकाकडे निघालो. उंबरठ्यावर तिघींचे पाय थांबले. गुडघ्याखाली पाय आमचे राहिले नाहीत. मी हातांनी मांडी उचलून पुढे टाकू पाहिली. जमलं नाही.

इस्त्रीबाई मागे उभ्या होत्या. रागावल्या नाहीत. प्रत्येकीचे चाळीस कागद कार्यालयातल्या कपाटात आहेत, एवढंच सांगितलं. आजचा कागद दाखवला. तिघींची नावं, खाली तीन सह्या, आणि एक ओळ: बाहेर नेऊ नये.

२१ मार्च, शुक्रवार

काल वेणी रुग्ण होती. कागदावर लिहिलं होतं: रुग्ण आक्रमक, काळजीवाहकाला मारले, बांधून ठेवले, केस आखूड केले.

काळजीवाहक दातवाली. तिने कागद वाचला आणि पळाली नाही. वेणीला म्हणाली की डोळे मीट, म्हणजे तुला दिसणार नाही.

वेणीने स्टीलचं बेडपॅन उचललं. पहिला घाव कपाळावर. दुसरा नाकावर, तो आत गेला. मी मध्ये पडले, माझा खांदा फुटला. वेणी किंचाळत होती की ताई, हात तोडा माझे, तोडा! मी लटकले तिच्या हाताला, पूर्ण वजनाने, आणि त्या वजनासकट हात वर जात होता आणि खाली येत होता. दातवाली पडली तरी खाली येत होता. चेहरा राहिला नाही तरी. बेडपॅनला पोचा आला, तेव्हा थांबला.

मग मला दिसलं की बांधण्याच्या आणि केसांच्या ओळीखाली माझी सही आहे. वेणीला मी बांधलं. उत्तम गाठ. केस मी कापले. कात्री बोथट होती. वेणी उशाशी पडली, मेलेल्या जनावरासारखी. पोर म्हणत होती की ताई, आईने वाढवले होते. ताई, आईने—

२३ मार्च, रविवार

रविवारी घरी फोन लावायला देतात, कार्यालयात, इस्त्रीबाईंसमोर. मी ठरवून गेले होते. लेकीने हॅलो म्हटलं की एकच शब्द: येऊ नको. बस. मग काय करायचं ते करा माझं.

रिसीव्हर हातात घेतला तेव्हा टेबलावर कागद दिसला. रुग्ण: मी. ११.०० — मुलीशी बोलल्या. खुशीत होत्या. लवकर ये म्हणाल्या.

माझं तोंड हसलं. माझं तोंड तिला म्हणालं की अगं, इथे सोनं आहे सोनं, उशीर करू नकोस हं, वाट बघते. मी आतून जीभ चावली. चावता येत होती. तुकडा पडेपर्यंत चावली आणि तोंड रक्तातून बोलत राहिलं, गोड, माझ्याच आवाजात. ती विचारत होती की आई, तुझं काही खाणं चाललंय का?

हो म्हणाले. खातेय.

२६ मार्च, बुधवार

वेणी खाली. वय एक्क्याऐंशी. दात—

दातवाली नाही, म्हणून ते काम मला दिलं. मला येत नाही ते काम. मला येत नाही म्हणून जास्त वेळ—

शिकले.

२८ मार्च, शुक्रवार

माझ्या शेजारचा पलंग तयार. नवी चादर. पायथ्याशी कागद, उद्याचा.

रुग्ण नवी. वय एकोणऐंशी. केस आखूड. दात नाहीत. १०.३० — रुग्ण आक्रमक, आवरले. ११.१० — रुग्ण शांत. काळजीवाहक: आई. खाली माझी सही, सुबक, हसत केलेली.

नाही. हा हात नाही करणार.

कठड्याच्या सांध्यात उजवा हात घातला. खटका सोडला. कठडा पडला. एकदा पुरत नाही. पाच वेळा. बोटं आता बोटं नाहीत. डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षर वेडंवाकडं—

मग कागद पुन्हा पाहिला. शेवटी एक ओळ आहे. सकाळी दिसली नव्हती, की मी वाचली नव्हती? शाई जुनी, वाळलेली. काळजीवाहकाचा उजवा हात निकामी. डाव्याने काम केले.

—

चादर रक्ताने भिजली आहे. लाल.

लाल!

ती कधी चुकली नाही. एकदाही नाही.

खिडकी म्हणजे बाहेर नव्हे. पाय उंबरठ्याशी थांबतात, खिडकीशी नाही. डावा हात आणि दात. माझे दात अजून आहेत. गजाला चादर बांधली, फाटकासमोर. पण रक्त सुकलं की तपकिरी पडतं, बावीस वर्षं पाहिलं आहे. तपकिरी तिला काय सांगणार? सकाळी पुन्हा भिजवायची. मनगट आहे अजून. पुरेल.

२९ मार्च, शनिवार

पावणेदहा. भिजवली. लाल आहे, भडक.

डोळ्यांपुढे अंधारी. पण दहाच्या आत एक करायचं आहे. जन्मभर जे करू नका म्हणाले ते. इथे आधी लिहिलेलं घडतं, सही असली तर. ही वही माझी. त्यांची शाई नाही यात. पानाच्या तळाशी सही करून ठेवली आहे, आधीच, कारण नंतर शुद्ध राहील न राहील. आता वर दहाची नोंद लिहायची आणि उरलेल्या जागेवर रेघ मारायची. रेघ विसरायची नाही. रिकामी जागा ठेवली तर दुसरं कुणी—

जिन्यात बूट वाजताहेत. कडक, सावकाश.

रस्त्याच्या टोकाला ती. निळी बॅग. चाल माझ्यासारखी. देवा, किती भरभर येते आहे!

लिहिते.

१०.०० — लेक फाटकाशी आली. मान वर केली. खिडकीत लाल दिसलं. हाक मारली नाही. फाटकावरचा हात मागे घेतला. तिला आठवलं. बॅग उचलली, वळली आणि माझ्या बहिणीच्या घरी परत जायला ती